मथळ्यांचं पुढे काय झालं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील शिंपी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, दोन मशिनी आणि काजं-बटणाला बसणारा एक पोरगा एवढं त्यांचं दुकान. या दुकानात रोज एक वर्तमानपत्र यायचं आणि त्याला दोन जन्म असायचे. पहिल्या जन्मी ते दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातांतून फिरायचं. महिनाभरानं दुसरा जन्म सुरू व्हायचा. अब्बा ते अंथरून त्यावर खडूनं रेघा मारायचे आणि बाही, कॉलर, पाठ असे तुकडे कापायचे. कापडावर कात्री चालवण्याआधी ती कागदावर चालवावी, हा त्यांचा नियम. ही कागदी कटिंगं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली असत.

मला वाचनाची गोडी लागली ती या खिळ्यावरच्या बाह्यांमुळे. अडचण एकच होती. बाहीवर अख्खा मथळा मावायचा नाही. ‘मुख्यमंत्र्यांनी दिला’ इथं बाही संपायची. काय दिला? राजीनामा, इशारा, की नुसताच नकार? पुढचा तुकडा कॉलरमध्ये गेलेला असायचा आणि कॉलर कधी सापडायची नाही. मग उरलेला मथळा मी माझ्या मनानं पुरा करायचो. एकदा तर मी मुख्यमंत्र्यांना आमच्या शाळेला फुटबॉल द्यायला लावला होता. माझ्या कवितेचं मूळ कुणी शोधायला निघालं तर ते या सवयीत सापडेल. बी. ए. वगैरे नंतरचं.

पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ही सवय एकट्या माझी नाही. मोठमोठी माणसं अर्धा मथळा वाचतात आणि उरलेला मनानं भरतात. काही वेळा छापणारेही तेच करतात.

घरचंच उदाहरण घेऊ. मराठी वर्तमानपत्रांतला सर्वांत प्रसिद्ध मथळा कोणता, असं विचारलं तर शाळकरी पोरही सांगेल: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ जुलै १८९७, ‘केसरी’, लोकमान्य टिळक. पुण्यात प्लेग, घराघरांत शिरणारी रँडसाहेबाची माणसं, २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेली गोळी आणि मग सगळ्या शहरावर धरलेला सरकारचा राग, अशी त्याची पार्श्वभूमी. या मथळ्याचं पुढे काय झालं? तर टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, असं मी परीक्षेत लिहिलं होतं आणि गुरुजींनी पैकीच्या पैकी गुण दिले होते.

गुरुजी आणि मी दोघंही चुकलो होतो. शिक्षा झाली हे खरं, पण राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला तो त्याआधीच्या, १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर. त्यात शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता आणि ‘शिवाजीचे उद्गार’ नावाची एक कविता होती. ज्युरीतले सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी बहुमताचं ऐकलं. म्हणजे सरकार घाबरलं कवितेला आणि कीर्ती मिळाली मथळ्याला. कवी म्हणून मला हा अन्याय फार लागतो. सव्वाशे वर्षांत मराठीत एवढी परिणामकारक समीक्षा दुसऱ्या कवितेच्या वाट्याला आली नसेल, आणि ती लोकांना माहीतही नाही!

अर्थात टिळकांचा मथळा स्वतः खरा होता. त्याचा परिणाम तेवढा आपण भरला. काही मथळे मात्र मुळातच खोटे निघतात आणि मग जगाची तारांबळ उडते.

१९४८ सालचा २ नोव्हेंबर. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. एकीकडे अध्यक्ष हॅरी ट्रुमन, दुसरीकडे न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्यूई. ड्यूई येणार हे पाहण्या करणाऱ्यांनी ठरवूनच टाकलेलं. त्यात ‘शिकागो डेली ट्रिब्यून’च्या खिळे जुळवणाऱ्या कामगारांचा संप जवळजवळ वर्षभर चाललेला. त्यामुळं मजकूर टाइपरायटरवर बडवायचा, त्याचा फोटो काढायचा, मग छपाईचा पत्रा बनवायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे आणि अंक नेहमीपेक्षा काही तास आधी छापायला सोडावा लागे. मतमोजणी संपेपर्यंत थांबायला वेळ होता कुणाला? ड्यूईंनी ट्रुमनचा पराभव केला, असा भला थोरला मथळा देऊन त्यांनी पहिली आवृत्ती सोडली. दीड लाखाच्या आसपास प्रती.

अब्बांच्या भाषेत सांगायचं तर हा माप घेण्याआधी शिवलेला सदरा. गिऱ्हाईक आलं ते दुसऱ्याच अंगाचं. ट्रुमन त्या रात्री लवकर झोपले होते. उठून बघतात तर आपण निवडून आलेलो! दोन दिवसांनी आगगाडीनं परतताना सेंट लुईस स्टेशनवर कुणीतरी तो अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर धरला आणि असे हसले, की निवडणूक जिंकल्याच्या आनंदापेक्षा संपादक हरल्याचा आनंद मोठा दिसतो. तो फोटो जगभर गेला. मला नेहमी वाटतं, त्या पहाटे एखाद्या खेड्यात तो अंक पोचला असेल आणि तिथल्या एखाद्या शेतकऱ्याकडं पुढं आठवडाभर दुसरं वर्तमानपत्रच आलं नसेल. त्याच्यापुरते ड्यूई आठ दिवस अध्यक्ष होते. त्यानं त्यांच्या कारभाराला शिव्याही घातल्या असतील.

हे हसण्यावारी गेलं, कारण कुणाचा जीव गेला नव्हता. १५ एप्रिल १९१२ ला तसं नव्हतं. त्या पहाटे टायटॅनिक बुडालं आणि त्याच दिवशी बाल्टिमोरच्या ‘इव्हनिंग सन’नं छापलं, की सर्व प्रवासी सुखरूप आहेत. दुसऱ्या दिवशी लंडनच्या ‘डेली मेल’चा मथळा होता, की टायटॅनिक बुडालं, जीवितहानी नाही. प्रत्यक्षात पंधराशेच्या वर माणसं गेली होती आणि सातशेच्या आसपास वाचली होती. एवढी मोठी चूक झाली कशी? नंतर देण्यात आलेलं एक कारण विलक्षण आहे. बिनतारी यंत्रावर सगळी जहाजं एकाच वेळी बोलत होती. कुणी विचारत होतं, टायटॅनिकचे सर्व प्रवासी सुखरूप आहेत का? दुसरीकडं एक भलतंच जहाज एका तेलवाहू जहाजाला ओढून नेत असल्याचा संदेश जात होता. या दोन संदेशांची हवेतच गाठ पडली आणि तिसरीच बातमी जन्माला आली: सर्व प्रवासी सुखरूप आहेत, जहाज ओढून नेत आहेत. म्हणजे मराठीत बोलायचं तर एक ‘का’ समुद्रात पडला. आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून बिनतारीला नावं ठेवू नयेत हे मला कळतं, पण त्या ‘का’वर विश्वासून नातेवाइकांना घेऊन एक खास आगगाडी हॅलिफॅक्स बंदराकडं निघाली होती. ती वाटेतून परत फिरवावी लागली. त्या गाडीतल्या माणसांनी जाताना काय काय ठरवलं असेल, भेटल्यावर आधी रागवायचं की आधी रडायचं, हे मला कधी लिहिता आलेलं नाही. दोनदा प्रयत्न केला.

चूक कळल्यावर वर्तमानपत्रं खुलासा छापतात. मथळा आठ रकान्यांचा असला तरी खुलासा बोटभर असतो आणि तो केव्हा यावा याला काळवेळ नाही. रॉबर्ट गॉडर्ड नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉकेटचे प्रयोग करत होते. १९२० च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं संपादकीयातून त्यांची टिंगल केली, की निर्वात पोकळीत रॉकेट चालत नसतं, एवढं शाळेतलं ज्ञानही यांना नाही. त्या मजकुराची दुरुस्ती छापून आली १७ जुलै १९६९ रोजी. आदल्या दिवशी तीन माणसं रॉकेटमधून चंद्राकडं निघाली होती, तेव्हा आता नाइलाज होता. गॉडर्ड १९४५ सालीच वारले होते. पँट आखूड झाली म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं तर अब्बा दुसऱ्या दिवशी उसवून द्यायचे. एकोणपन्नास वर्षं लावली असती तर दुकान चाललं नसतं.

आता मी माझ्या वर्षाकडं येतो. १९७९. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.

मार्चच्या २२ तारखेला दुपारी आमची शाळा एकाएकी सुटली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात असलेले जयप्रकाश नारायण गेले, अशी बातमी आली होती. बातमी कुण्या ऐऱ्यागैऱ्यानं दिली नव्हती. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीच लोकसभेत सांगितलं होतं. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, कामकाज थांबलं, आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम बंद झाले, गावोगाव दुकानं मिटली. अब्बांनीही फळ्या लावल्या. आणि जयप्रकाशजी जिवंत होते! ते जसलोकमध्ये श्वास घेत होते आणि देश त्यांच्यासाठी रडत होता. संध्याकाळी चूक कळली तेव्हा गावात कुणाला कळेना, की आता आनंद करायचा की रडल्याचा राग धरायचा. आमची दादी मात्र खूश होती. ज्याच्या मरणाची खोटी आवई उठते त्याचं आयुष्य वाढतं, असं तिचं म्हणणं. पुढे काही आठवड्यांनी जयप्रकाशजींना हा प्रकार सांगितला तेव्हा ते नुसते हसले म्हणतात. मला त्या हसण्याचं फार वाटतं. आपल्या मागं आपल्याबद्दल काय बोलतील हे माणसाला कधी ऐकायला मिळत नाही. त्यांना मिळालं, तेही संसदेतून.

ऑक्टोबरच्या ८ तारखेला ते पाटण्याला खरोखर गेले. अब्बांनी रेडिओ ऐकला आणि फळ्या लावायला उठले. दादी म्हणाली, “संध्याकाळपर्यंत थांब.”

या दोन तारखांच्या मधे स्कायलॅब होतं. ते ज्यांनी अनुभवलं त्यांना आता नुसतं नाव काढलं तरी हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. अमेरिकेनं १९७३ साली आकाशात सोडलेली ही सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा. शेवटचे अंतराळवीर १९७४ साली परतले आणि मग ती तशीच रिकामी फिरत राहिली. अपेक्षेपेक्षा लवकर खाली यायला लागली. पडणार हे नक्की. कुठं पडणार हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता येईना. म्हणजे जगातल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी मिळून आम्हाला एक अर्धा मथळा दिला होता: ‘स्कायलॅब पडणार’. बाही इथं संपत होती. कॉलर गावोगावच्या लोकांनी आपापल्या मापानं कापली.

आमच्याकडं जुनी माळवदाची घरं. पहिली चर्चा झाली ती माळवद तग धरेल का याची. एकजण म्हणाला, मातीचं छप्पर आहे, वरून आलेलं रुतून बसेल. दुसरा म्हणाला, पावसाच्या थेंबाला गळतंय ते, स्कायलॅबला काय अडवणार? दादीला ‘स्कायलॅब’ हा शब्द जमत नसे. ती ‘कायलाब’ म्हणायची. रोज सकाळी विचारायची, “कायलाब कुठवर आलं?” जणू पंढरपूरहून निघालेली एसटीच. हॉटेलवाल्याची उधारी वाढली, कारण बुडवणाऱ्यांना सबळ कारण मिळालं. आमच्या दुकानातही तेच. शिवलेले कपडे न्यायला माणसं येईनात. पडलंच तर शिलाई कशाला द्यायची? उलट एका नवरदेवानं लग्नाचा सूट आठ दिवस आधी मागितला. एकदा तरी अंगात घालून जाऊ दे, म्हणाला.

स्कायलॅबचा तुकडा पृथ्वीवर कुणातरी माणसाला लागण्याची शक्यता १५२ मध्ये एक, असा अमेरिकेच्या ‘नासा’चा हिशेब होता. ठरावीक एका माणसाला लागण्याची शक्यता सहाशे अब्जांत एक. दुसरा आकडा आमच्या गावापर्यंत पोचला नाही. पहिला पोचला आणि मटकेवाल्यांनी उचलला. एक, दोन, पाच, बेरीज आठ. आठाचा आकडा त्या आठवड्यात भरपूर लागला म्हणजे लावला गेला. आला नाही.

आषाढी नुकतीच झाली होती आणि त्याच आठवड्यात शब-ए-बरात होती. पंढरपूरहून परतलेले एक वारकरी आजोबा दुकानात बसून म्हणाले, “अठ्ठावीस युगं तो विटेवर उभा आहे. त्याच्या डोक्यावर काही पडलं का आजवर? मग आपल्याच का पडेल?” आत दादीचा हिशेब वेगळा होता. शब-ए-बरातच्या रात्री पुढच्या वर्षाचं नशीब लिहिलं जातं, अशी आमच्याकडं श्रद्धा. “लिहिणारा अमेरिकेला विचारून लिहीत नाही,” ती म्हणाली. पण त्या रात्री तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ दुवा मागितली, हे मी पाहिलं. नावं घेत होती. आमची सगळ्यांची झाली, मग शेजाऱ्यांची, मग काजं-बटणवाल्या पोराचं. शेवटी त्या वारकरी आजोबांचं.

११ जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरावरून पलीकडं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकड्या-तुकड्यांनी पडलं. एकाही माणसाला लागलं नाही. तिथल्या एस्परन्स गावच्या सतरा वर्षांच्या पोराच्या घरावर काही जळके तुकडे पडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रानं पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. पोरगा तुकडे घेऊन विमानात बसला आणि बक्षीस घेऊन आला. एस्परन्सच्या नगरपालिकेनं तर आणखी कडी केली. रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल तिनं ‘नासा’ला चारशे डॉलर दंड ठोठावला! ‘नासा’नं तो भरला नाही. अखेर २००९ साली अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकानं आपल्या श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो चुकता केला. श्रोतेहो, तुमची जात ही अशी आहे.

दिल्लीत मात्र १५ जुलैला मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. म्हणजे स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडलं आणि चौथ्या दिवशी सरकार इथं. हॉटेलवाला म्हणायचा, तुकडा लांबवर उडाला असावा.

इथं खरं तर हा किस्सा संपतो. पण बरोबर एक महिन्यानं, ११ ऑगस्टला, गुजरातेत मच्छू नदीवरचं धरण फुटलं आणि मोरबी शहरावरून पाणी गेलं. हजारो माणसं गेली. नेमकी किती, यावर आजही एकमत नाही. धरण फुटणार, असा मथळा कुणी दिला नव्हता. आम्ही महिनाभर मान वर करून आभाळाकडं बघत होतो.

त्या अंकांची पुढे कटिंगं झाली. ईदच्या शिलाईची घाई होती, कागद खूप लागला. मोरबीचा मथळा मी लहान पोराच्या सदऱ्याच्या बाहीवर वाचला.

नंतरच्या आयुष्यात एका मथळ्याची मात्र मला कायम धास्ती वाटत आली. तो वाचकांच्याही ओळखीचा आहे: ‘दोन गटांत दगडफेक’. दंगलीच्या बातमीत जातीधर्माची नावं घेऊ नयेत, हा वर्तमानपत्रांचा जुना संकेत. हेतू चांगला, त्याबद्दल वाद नाही. पण अर्धा मथळा किती चांगला असला तरी अर्धाच. ‘दोन गट’ वाचलं की प्रत्येक मोहल्ला आणि प्रत्येक आळी आपापली कॉलर कापायला बसते. गट कोणते, हे लहान पोरालाही कळतं. मी तर अनेकदा मनाशी म्हटलंय, देवा, एकदा तरी हे दोन गट क्रिकेटचे निघू देत!

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येनंतर रोज सकाळी हे दोन गट पहिल्या पानावर असायचे. मुंबईचे, आणखी कुठकुठले. आमच्या गावात काही झालं नव्हतं. झालं नव्हतं, पण मथळा घरोघर पोचला होता. त्या सकाळी अब्बांनी दुकान उघडलं तेव्हा पेठ अर्धी बंद होती. समोरच्या किराणा दुकानातले काका आपलं दुकान उघडं टाकून आमच्याकडं आले आणि बाकावर बसले. “पेपर आला का, मास्तर?” म्हणाले. त्यांच्याकडं त्यांचा स्वतःचा पेपर यायचा, तो त्यांनी वाचलेला होता. तरी त्यांनी आमचा घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या छोट्या जाहिरातीपर्यंत वाचला. मग परत पहिल्यापासून. दुपारी घरून डबा आला तो त्यांनी तिथंच खाल्ला. रस्त्यानं जाणारी माणसं बघत होती, ते पेपरातून मान वर काढून एकेकाला नावानं हाक मारत होते. अब्बा मशीन चालवत राहिले. दिवसभरात दोघांनी त्या मथळ्याचं नाव काढलं नाही. बोलले ते साखरेच्या भावाबद्दल आणि काकांच्या सदऱ्याबद्दल, तो काखेत दाटत होता म्हणून.

महिन्यानं अब्बांनी तो अंक कापायला घेतला. काकांच्या नव्या सदऱ्याची पाठ होती. छाती बेचाळीस. पान पुरलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीचं पान खळ लावून खाली जोडलं.